केसपेपर मागायची रीत: रुग्णालयातून पूर्ण फाइलची प्रत कशी मिळवाल

"कागद सगळे दिलेत हो त्यांनी," असं म्हणत लोक पिशवीतून डिस्चार्ज कार्ड, बिल आणि औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा काढतात. ज्या कागदांवर पुढचं सगळं ठरतं, ते नेमके त्या पिशवीत नसतात. ते रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, म्हणजे एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात), पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये असतात आणि कुणी मागितल्याशिवाय तिथून हलत नाहीत.

मी काही वर्षं अशाच एका रेकॉर्ड रूमच्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत. खिडकीवर आरडाओरडा करणारे रिकाम्या हातांनी परत जाताना पाहिले आणि दोन ओळींचा नीट अर्ज घेऊन आलेले तिसऱ्या दिवशी प्रत घेऊन जातानाही पाहिले. दुसरं मत घ्यायचं असो, विम्याचा दावा अडकलेला असो, की उपचारात चूक झाल्याचा संशय असो, सुरुवात या फाइलपासूनच होते. लोक इथेच चुकतात, आणि पुढे वकिलाकडे पोचतात तेव्हा उशीर झालेला असतो.

१. काय मागायचं ते आधी ठरवा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे सारांश. बहुतेक वेळा निवासी डॉक्टर ते घाईत, आधीच्या एखाद्या कार्डावर नवी माहिती चढवून तयार करतात. त्यात "प्रकृती स्थिर असताना घरी सोडले" एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्यामागचे आठ दिवस आतल्या फाइलमध्ये असतात.

"सगळे कागद द्या" असं लिहिलंत तर पुन्हा तेच कार्ड झेरॉक्स होऊन येईल. म्हणून नावं घेऊन मागा: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगच्या नोंदी, औषधं दिल्याचा तक्ता, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, पोटात गेलेलं-बाहेर आलेलं याचा तक्ता, सगळे तपासणी अहवाल, संमतीपत्रं. शस्त्रक्रिया झाली असेल तर ऑपरेशन नोट आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद. आयसीयूत ठेवलं असेल तर तिथला तासागणिक भरलेला मोठा तक्ता. तो आकाराने मोठा असल्यामुळे झेरॉक्स करताना हमखास राहतो. आणि बाबवार फोड असलेलं बिल.

यातल्या नर्सिंगच्या नोंदींना लोक किंमत देत नाहीत. ती चूक करू नका. डॉक्टरांची नोंद बऱ्याचदा राउंड संपल्यावर एकदम लिहिली जाते. नर्सची नोंद घड्याळाबरोबर चालते. एका आजींच्या फाइलमध्ये डॉक्टरांच्या पानावर रात्री अकराला "तपासले, त्रास नाही" असं होतं. त्याच रात्रीच्या नर्सिंगच्या पानावर, निळ्या पेनाने, आडव्या ओळीत दाटीवाटीने: "११.४० ऑक्सिजन ८४, डॉक्टरांना फोन केला. १२.०५ पुन्हा फोन. १२.३० डॉक्टर आले." मुलाने डिस्चार्ज कार्ड शंभरदा वाचलं होतं. त्यात यातलं काहीच नव्हतं.

दोन वस्तू वेगळ्या मागाव्या लागतात. हृदयात स्टेंट किंवा गुडघ्यात सांधा बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असतं. त्यावर कंपनी, मॉडेल आणि बॅच किंवा सिरियल नंबर असतो. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमतीवर २०१७ पासून सरकारी नियंत्रण आहे, त्यामुळे बिलाशी ताडायला हेच स्टिकर लागतं. दुसरी वस्तू म्हणजे बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक. कर्करोगाचं निदान दुसरीकडे तपासून घ्यायचं असेल तर नुसता अहवाल पुरत नाही.

*सावध:* रुग्ण अजून दाखल असेल तर डिस्चार्जची वाट पाहू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेली रुग्णहक्क सनद सांगते की दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि डिस्चार्जनंतर ७२ तासांत प्रती मिळाव्यात.

२. अर्ज कुणाच्या नावाने जाणार?

रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर अर्ज त्याच्याच सहीचा हवा. मुलगा येतो, भांडतो, आणि अर्जावर वडिलांची सही नसते. खिडकीवरच्या माणसाला नकार द्यायला एवढं कारण पुरतं, आणि ते कारण बरोबरही असतं. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं हे त्या डॉक्टरचं कर्तव्यच आहे.

रुग्णाला येता येत नसेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र पुरतं: "माझ्या केसपेपरच्या प्रती घेण्याचा अधिकार मी माझा मुलगा … यांना देत आहे," खाली सही, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. लहान मुलाच्या बाबतीत आई किंवा वडील. रुग्ण बेशुद्ध असेल तर दाखल करताना ज्याने नातेवाईक म्हणून सही केली त्याने अर्ज करावा. त्याचं नाव फाइलवर आधीच असतं, वाद कमी होतो. मृत्यू झाला असेल तर वारसाने, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. शिधापत्रिका किंवा आधारवर नातं दिसत असेल तर सहसा चालून जातं.

मित्र, शेजारी, कार्यालयातले साहेब, नगरसेवक यांच्या नावाने अर्ज करू नका. फोन त्यांनी हवा तर करावा.

३. अर्ज लिहा

फोनवर मागणं, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणं, पीआरओला (जनसंपर्क अधिकाऱ्याला) तोंडी सांगणं यातलं काहीही मागणी म्हणून नंतर सिद्ध करता येत नाही. कागद हवा. मजकूर लांबवू नका आणि तक्रार तर अजिबात लिहू नका. "तुमच्या निष्काळजीपणामुळे" हा शब्द अर्जात आला की फाइल थेट कायदा विभागाकडे जाते आणि तिथे मुक्काम करते. एवढं पुरे:

> प्रति, वैद्यकीय अधीक्षक.
> विषय: वैद्यकीय नोंदींच्या साक्षांकित प्रती मिळणेबाबत.
> मी दि. … ते दि. … या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होतो/होते. आयपीडी क्रमांक …. मला माझ्या संपूर्ण आंतररुग्ण नोंदींच्या पृष्ठक्रमांकित व साक्षांकित प्रती हव्या आहेत. त्यात पुढील कागदांचा समावेश असावा: (वरची यादी).
> भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरण विनियमांतील कलम १.३.२ नुसार या प्रती ७२ तासांत द्याव्यात. प्रतींचा वाजवी खर्च मी पावती घेऊन भरेन.
> सही, नाव, पत्ता, मोबाइल, दिनांक.

कलमाचा आकडा मुद्दाम घालायचा. त्याने माणूस घाबरत नाही, पण अर्ज "नंतर बघू"च्या ट्रेमधून बाहेर येतो. हे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित ठेवले. कुणी "तो कायदा बदलला" म्हणालं तर एवढं सांगा.

कारण लिहायचं का? गरज नाही. विचारलंच तर "दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं आहे" म्हणा. ते खरंही असतं.

*तपासा:* आयपीडी क्रमांक, म्हणजे दाखल रुग्णाचा क्रमांक, लिहिलात का? ओपीडीचा, बिलाचा आणि आयपीडीचा क्रमांक वेगवेगळा असतो. चुकीचा क्रमांक टाकला की "फाइल सापडत नाही" हे उत्तर प्रामाणिकपणे मिळतं.

४. पोच घ्या

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. अर्ज दिला, समोरच्याने ठेवून घेतला, घरी आले. तीन आठवड्यांनी विचारलं तर "कसला अर्ज?"

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घ्या. आवक क्रमांक मिळाला तर सोन्याहून पिवळं. ७२ तास मोजायचे ते या वेळेपासून, म्हणून तारखेबरोबर वेळ मागायची.

पोच द्यायला नकार दिला तर वाद घालू नका. बाहेर या, जवळच्या पोस्टात जा, तोच अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, पोस्टाची पावती आणि पोचल्याचा ऑनलाइन तपशील जपून ठेवा. त्याच दिवशी रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचा फोटो जोडून मेल टाका. या दोन गोष्टींनी खिडकीवरचा नकार निरर्थक होतो.

*सावध:* आवाज चढवू नका, काचेवर हात आपटू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार रुग्णालयातली हिंसा किंवा तोडफोड हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तक्रारदार म्हणून गेलेला माणूस आरोपी होऊन बाहेर येतो, आणि मग त्याच्या फाइलकडे कुणी बघत नाही.

५. ७२ तासांत मिळणारी उत्तरं

हीच उत्तरं आम्हीही देत होतो, म्हणून ठाऊक आहेत.

*"फाइल टीपीएकडे गेलीय."* टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. तिला सहसा स्कॅन किंवा प्रती जातात, केसपेपर रुग्णालयातच राहतात. "मग तसं लेखी द्या" म्हणा. लेखी द्यायची वेळ आली की फाइल बहुधा सापडते.

*"आधी बाकी भरा."* २००२ च्या विनियमांत बिल चुकतं केल्याची अट कुठेच नाही. बिलाचा वाद वेगळा चालू द्या.

*"कोर्टाचा आदेश आणा."* कलमात रुग्ण, त्याने अधिकार दिलेला माणूस आणि कायदेशीर यंत्रणा हे तिघेही आहेत. रुग्णाला आदेश लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे की रुग्णालयांना रुग्णाच्या नोंदी गुपित म्हणून त्याच्यापासून दडवता येत नाहीत.

*"पोलीस केस आहे."* मूळ फाइल पोलिसांनी ताब्यात घेतली असेल तर कोणत्या ठाण्याने, कोणत्या तारखेला, ते लेखी मागा. फाइल अजून रुग्णालयातच असेल तर पोलीस केस आहे म्हणून रुग्णाला प्रत नाकारता येत नाही.

*"डॉक्टरांची सही बाकी आहे."* हे उत्तर मला सगळ्यात कमी आवडतं. रुग्ण घरी जाऊन महिना झाला आणि नोंदी अजून पुऱ्या व्हायच्या आहेत, याचा अर्थ त्या आता आठवून लिहिल्या जाणार. असं ऐकलंत तर त्याच दिवशी ईमेल करा: "आज दि. … रोजी मला सांगण्यात आलं की नोंदींवर सह्या बाकी आहेत. आहे त्या स्थितीत प्रत द्यावी." ईमेलवर तारीख पडते. पुढे कोणती सही कधी आली हा प्रश्न निघाला तर ही एक ओळ कामाला येते.

*"रेकॉर्ड नष्ट झालं."* आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे. त्याआधी नष्ट झालं असेल तर तेही लेखी घ्या. पण तीन वर्षं उलटून गेल्यावर तुम्ही गेलात तर दोष रुग्णालयाला देता येणार नाही.

६. प्रत घेताना खिडकीवरच मोजा

गठ्ठा हातात आला की लोक पैसे भरून निघतात. थांबा. पाच-दहा मिनिटं तिथेच, बाकावर बसा.

पानांना क्रमांक आहेत का आणि मध्ये उडी आहे का? प्रत्येक पानावर "सत्यप्रत"चा शिक्का आणि सही आहे का? दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत प्रत्येक तारखेचं नर्सिंगचं पान आहे का? पाठपोट लिहिलेल्या पानांच्या मागच्या बाजू झेरॉक्स झाल्यात का? फिक्या शाईतली पानं वाचता येतात का? कमी असेल ते प्रत मिळाल्याच्या वहीत सही करताना तिथेच लिहा: "आयसीयू तक्ता मिळाला नाही." कोरी सही केलीत की सगळं मिळालं असा अर्थ होतो.

संमतीपत्र खास बघा. शस्त्रक्रियेचं नाव लिहिलंय की रिकामी जागा? भाषा रुग्णाला कळणारी होती का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला आहे की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी वापरता येत नाही. जीव वाचवायची तातडी असेल तरच अपवाद. दाखल करताना सह्या घेतलेला छापील फॉर्म म्हणजे पुढच्या प्रत्येक गोष्टीची परवानगी, असा समज रुग्णालयांतही आहे आणि नातेवाइकांतही.

७. मृत्यू झाला असेल तर क्रम वेगळा

हे लिहायला जड जातं, पण इथली चूक सुधारता येत नाही. मृत्यूच्या कारणाबद्दल खरोखर संशय असेल तर अंत्यसंस्काराआधी ठरवा. शवविच्छेदन हवं असेल तर रुग्णालयाला आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा. एकदा दहन झालं की पुढे फक्त कागद उरतात. नातेवाईक त्या क्षणी "आता कशाला देहाची विटंबना" म्हणतात, आणि तेच सहा महिन्यांनी वकिलासमोर बसलेले असतात. दोन्ही समजू शकतो. पण निर्णय त्या काही तासांतच घ्यावा लागतो.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयाने जवळच्या नातेवाइकालाही द्यायचं असतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली ती दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. महापालिकेकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं, म्हणून हे वेगळं मागा. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणं रुग्णहक्क सनदेच्या विरुद्ध आहे. तसं घडलं तर १०० किंवा ११२ वर फोन करा आणि बिलाचा वाद नंतर घाला.

८. ७२ तास उलटले, प्रत नाही

पहिलं पाऊल स्मरणपत्र. पहिल्या अर्जाच्या पोचेची प्रत जोडून, पुन्हा अधीक्षकांना, स्पीड पोस्टने. तीन दिवस द्या.

खासगी रुग्णालय असेल तर पुढे नोंदणी प्राधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा आहे. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्क सनद आणि तक्रार निवारणाची तरतूद आली. महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग, हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. रुग्णालयाच्या दर्शनी भागात नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा, क्रमांक तक्रारीत लागतो.

त्याचबरोबर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही जाता येतं. मागूनही ७२ तासांत नोंदी न देणं हे २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरचं गैरवर्तन आहे. इथे दोन गफलती होतात. परिषद डॉक्टरांविरुद्धची तक्रार घेते, रुग्णालयाविरुद्धची नाही; म्हणून डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. आणि परिषद ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काढू शकते, भरपाई देऊ शकत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात आधी वरचाच अर्ज करा. दाद लागली नाही तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे आणि पानभर कहाणी लिहिलेले अर्ज त्याच कारणाने परत येतात. मुदत ३० दिवस. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असेल, म्हणजे दुसरीकडे हलवायचंय आणि अहवाल अडलेत, तर तसं ठळक लिहा. मग मुदत ४८ तास.

९. फाइल हातात आल्यावर

लगेच ग्राहक आयोगात धावू नका. कोऱ्या वहीत तारीख, वेळ, काय घडलं, पान क्रमांक असे चार रकाने आखा आणि फाइल पहिल्या पानापासून उतरवून काढा. शब्द कळले नाहीत तरी वेळा कळतात. जिथे दोन नोंदींत वेळ जुळत नाही, तिथे खूण करा. मग ही वही आणि फाइल घेऊन त्याच विषयातल्या, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "तुम्ही असतात तर इथे काय केलं असतं?" चूक कुणाची असं विचारलंत तर ते बोलायचे थांबतील.

बऱ्याचदा उत्तर असं मिळतं की उपचार ठीक होते, आजारच वाईट होता, फक्त कुणी नीट समजावून सांगितलं नाही. माझ्या पाहण्यातल्या निम्म्याहून जास्त फाइली तिथेच मिटल्या.

मत वेगळं मिळालं तर ग्राहक आयोगाची मुदत लक्षात ठेवा: कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही उपचारासाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात. लोक इथे मागायच्या भरपाईचा आकडा धरतात. धरायचा असतो भरलेल्या रकमेचा. ती पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. संपूर्ण मोफत सरकारी उपचार मात्र सर्वसाधारणपणे या कायद्यात येत नाहीत. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती रेघ आखली आहे.

फौजदारी तक्रारीचा आग्रह पहिल्याच दिवशी धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलंय की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवायला ढोबळ निष्काळजीपणा दिसला पाहिजे, आणि तपास अधिकाऱ्याने आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यावं. ते मतही शेवटी याच फाइलवरून दिलं जातं.

वकिलाकडे किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना साक्षांकित संच देऊ नका, त्याची झेरॉक्स द्या. एक्स-रे आणि सीटीच्या मूळ फिल्म द्यायचीच वेळ आली तर किती फिल्म, कोणत्या तारखांच्या, हे लिहून खाली त्यांची सही घ्या. पोच तिथेही लागते.